वातीची कुंडी आणि माशांचं पाणी: गॅलरीत दोन्ही प्रयोग कसे करावेत

सुट्टीत गावी जायचं ठरलं की कुंड्यांना पाणी कोण घालणार, हा प्रश्न शिकायला घराबाहेर राहणाऱ्या प्रत्येकाला पडतो. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे, पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पालेभाज्या लावते. वातीने पाणी देण्याचे प्रयोग मी सुट्ट्यांसाठी सुरू केले आणि माशांच्या पाण्याचे खतासाठी. दोन्ही जमतात आणि बहुतेक सामान घरात किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ठासून सांगते. वात हा एक प्रयोग आहे आणि मासे हा दुसरा. पहिल्याच दिवशी मासे, पंप, खडी, रोपं सगळं एकत्र जोडलं की बिघाड झाल्यावर दोष कशात आहे ते कळायला मार्गच राहत नाही. म्हणून आधी साध्या पाण्यावर वातीची कुंडी करा, मग टबातलं पाणी तयार करा, आणि त्यानंतरच दोघांची गाठ घाला. घाई केली तर किंमत माशांना मोजावी लागते, म्हणून माझा या क्रमाचा आग्रह आहे.

वात पाणी कशी चढवते

समईत तेल वातीतून वर चढतं, तसंच इथे पाणी चढतं. धाग्यांमधल्या बारीक फटींना पाणी धरून राहतं आणि पुढे सरकत जातं. फट जितकी बारीक, तितकं पाणी उंच चढतं, पण तितकंच सावकाश. रोपाने मातीतलं पाणी ओढलं की माती कोरडी पडू लागते आणि कोरडी माती वातीतून आणखी पाणी खेचते. त्यामुळे गरजेप्रमाणे पाणी आपोआप मिळतं. ढगाळ दिवशी कमी, कडक उन्हात जास्त.

याचा एक तोटाही आहे. वातीवरची माती कधीच पूर्ण कोरडी होत नाही. ज्या रोपांच्या मुळांना मधूनमधून कोरडेपणा लागतो ती इथे कुजतात. कोरफड, निवडुंग, रोझमेरी यांना वातीवर बसवू नका.

आधी वातीची परीक्षा घ्या

कुठल्याही दोरीची वात होत नाही. घरात सापडतील तेवढे प्रकार गोळा करा: पायजम्याची सुती नाडी, बुटाची लेस, तागाची सुतळी, नायलॉनची दोरी, जुन्या मायक्रोफायबर फडक्याची दोन बोटं रुंद पट्टी. प्रत्येकाचा फूटभर तुकडा घ्या. एका भांड्यात पाणी घेऊन त्यात खाण्याचा रंग कालवा, वर आडवी पट्टी ठेवून सगळे तुकडे त्यावरून लोंबकळत सोडा. प्रत्येकाचं टोक सारखंच, म्हणजे एकेक सेंटिमीटर, बुडलेलं असावं. दहा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी रंग किती उंच चढला ते मोजा.

माझ्याकडे मायक्रोफायबर सगळ्यांच्या पुढे राहिलं आणि गुळगुळीत प्लास्टिकची दोरी जवळजवळ कोरडीच. कोरी सुती नाडी सुरुवातीला पाणी घेतच नाही, कारण कच्च्या सुतावर नैसर्गिक मेण असतं. चमचाभर धुण्याचा सोडा घालून ती पंधरा-वीस मिनिटं उकळली आणि स्वच्छ खळबळून घेतली की तीच नाडी झरझर पाणी ओढते. नवीन कृत्रिम धाग्यांवरही कारखान्यातला लेप असतो. तेही गरम पाण्यात धुऊन घ्या, साबणाचा अंश राहू देऊ नका.

मग वापरायचं काय? एका हंगामापुरतं असेल तर उकळलेलं सूत चालतं, पण ओल्या मातीत ते काही महिन्यांत कुजतं. सुतळी त्याहून लवकर जाते. टिकाऊपणासाठी मायक्रोफायबर किंवा पॉलिस्टरची विणलेली नाडी घ्या. पाण्याची पातळी आणि कुंडीचा तळ यांत ५ ते १० सेंटिमीटर अंतर ठेवा. १५ च्या पुढे गेलं की पाणी चढतं खरं, पण उन्हाळ्यात रोपाला पुरत नाही.

पहिली कुंडी: दोन लिटरची बाटली

शीतपेयाची दोन लिटरची बाटली वरून साधारण चाळीस टक्के उंचीवर आडवी कापा. झाकणाला मेणबत्तीवर तापवलेल्या खिळ्याने भोक पाडा. वात जेमतेम जाईल एवढंच ठेवा, सैल भोकातून माती गळते. वात दुमडून दुपदरी घ्या, झाकणाच्या आतल्या बाजूला गाठ मारा. खाली ती पाण्याच्या तळापर्यंत पोहोचली पाहिजे आणि वर मिश्रणाच्या (मातीऐवजी भरायचं, प्रमाण पुढे दिलंय) मध्यापर्यंत. वरचं टोक सोडवून दोन-तीन बाजूंना पसरवा. नुसती तळाशी गोळा होऊन पडलेली वात फक्त तळच ओला करते.

आता वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवा. खालच्या भागाला वरच्या कडेजवळ बोटभर भोक ठेवा. पाणी भरायला तेच, आणि हवा आत जायलाही तेच.

मिश्रण भरण्याआधी वात पाण्यात भिजवून पिळून घ्या. मिश्रण भरल्यावर पहिलं पाणी वरूनच घाला, अगदी झाकणातून निथळेपर्यंत. ही पायरी टाळू नका. कोरडी वात आणि कोरडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्यात पाण्याचा सलग धागा तयारच होत नाही, मग खाली पाणी भरलेलं असतं आणि वर रोप सुकतं. पुढेही कधी कुंडी पूर्ण वाळली तर पुन्हा वरूनच पाणी घालून सुरुवात करावी लागते.

बाटलीचा खालचा भाग काळ्या कागदाने किंवा जुन्या मोज्याने झाका. उजेड मिळाला की पाण्यात शेवाळ धरतं आणि वातीवर हिरवा चिकट थर बसतो.

मिश्रणात काय असावं

शेतातली काळी माती इथे नको. ती ओली राहिली की चिकट गोळा होते, वाळली की भेगाळते, दोन्हीत मुळांना हवा मिळत नाही. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग पर्लाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) किंवा भाताचं तूस, हे प्रमाण मला सोयीचं वाटतं. पर्लाइट महाग पडत असेल तर धुतलेली भरड वाळू चालते, फक्त वजन वाढतं.

कोकोपीटच्या विटेत क्षार असतात. ती फुगवून, फडक्यात घालून, दोन-तीनदा पाण्यातून काढा. वातीच्या कुंडीत पाणी फक्त खालून वर जातं, त्यामुळे क्षार वाहून जायला वाट नसते आणि ते वरच्या थरात साठत राहतात. मिश्रणावर पांढरी पावडर दिसली की समजा, हेच झालंय. तीन-चार आठवड्यांतून एकदा कुंडी उचलून वरून भरपूर साधं पाणी ओता, खालून निथळलेलं फेकून द्या. पुण्यात खडकवासल्याचं नळाचं पाणी सौम्य आहे, पण टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असतं. ते वापरत असाल तर हे धुणं दर पंधरवड्याला करा.

काय लावावं

पुदिन्यापासून सुरुवात करा. भाजीच्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्याच्या ग्लासात ठेवल्या की आठवड्याभरात मुळं फुटतात, त्या सरळ बाटलीत लावता येतात. पालक, लाल माठ, आंबट चुका, तुळस आणि अळू यांना ओल मानवते. धणे रगडून दोन भाग करून पेरले तर कोथिंबीर चांगली उगवते, पण तिला खोल कुंडी लागते. मेथीचं बी उगवतं झटकन आणि तितक्याच लवकर मानेशी कुजून आडवंही पडतं. म्हणून मेथीचा वरचा बोटभर थर वाळूचा ठेवते.

टोमॅटो आणि वांगं बाटलीत लावू नका. मोठं झालेलं टोमॅटोचं रोप मे महिन्यात एका दिवसात बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकतं.

कापणीनंतर एकदा मिश्रणाचा गड्डा फोडून बघा. पालकाची पांढरी मुळं वातीच्या धाग्यांतून आरपार गेलेली असतात, वात आणि मूळ वेगळं करताच येत नाही. मुळं पांढरी आणि टणक असतील तर हवा पुरेशी होती. तपकिरी होऊन बोटांत सोलून येत असतील, वास येत असेल, तर मिश्रण जास्त घट्ट किंवा वात जास्त जाड.

मोठी जागा हवी असेल तर वातीचा वाफा

ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी लोकप्रिय केलेली ही रचना आहे. खाली पाण्याचा साठा, वर माती, मध्ये कापड. फळांचा थर्माकोलचा खोका त्यासाठी उत्तम, कारण तो उन्हात तापत नाही. साधारण ६० × ४० सेंटिमीटरचा आणि ३० सेंटिमीटर खोल खोका घ्या आणि आतून जाड प्लास्टिकचा कागद अंथरा.

तळाशी हॉटेलातून पार्सल आलेले प्लास्टिकचे डबे भोकं पाडून उलटे मांडा, ८ सेंटिमीटर उंचीपर्यंत. लोक इथे खडी भरतात, पण खडीच्या थरात पाण्याला जेमतेम ३५ ते ४० टक्के जागा मिळते आणि वजन निष्कारण वाढतं. डब्यांच्या मधे दोन-तीन ठिकाणी मोकळी जागा ठेवा आणि त्यात मिश्रण तळापर्यंत दाबून भरा. याच खांबांतून पाणी वर चढतं, इथे वेगळी वात लागत नाही. डब्यांवर शेडनेटचे दोन पदर अंथरा, खांबांच्या जागी कापून. कोपऱ्यात एक इंची पाइप उभा करा, त्याचं खालचं टोक तिरकं कापलेलं असू द्या म्हणजे पाणी अडणार नाही. डब्यांच्या माथ्याच्या किंचित खाली खोक्याला बाहेरून भोक पाडून नळीचा तुकडा बसवा. पावसाळ्यात जास्तीचं पाणी इथून निघून जातं. हे भोक नसेल तर जुलैमध्ये वाफ्याचं डबकं होतं.

वर २० सेंटिमीटर मिश्रण पुरेसं आहे. ३० च्या वर गेलात तर पृष्ठभाग कोरडा राहतो आणि बी उगवत नाही.

आता वजनाचा हिशेब करा. ओलं मिश्रण आणि पाणी मिळून हा एक खोका पन्नास किलोंच्या आसपास जातो. गॅलरीत तो कठड्याजवळ ठेवू नका, घराच्या भिंतीला चिकटून ठेवा. इमारत जुनी असेल तर आधी मालकांना विचारा.

डास

आमच्या घरमालकीण काकूंनी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता, "डास नाही ना गं होणार?" प्रश्न अगदी योग्य होता. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं ते यासाठीच. बाटलीचं भोक, वाफ्याचा पाइप आणि बाहेर काढलेली नळी, तिन्हींच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबराने घट्ट बांधा. बाटल्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून आतून कडा घासा, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटलेली असतात.

मोजमाप: स्वयंपाकघरातला वजनकाटा

हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि शिकायला सगळ्यात जास्त याच्यातूनच मिळतं. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. रोज सकाळी ठरलेल्या वेळी बाटलीची कुंडी काट्यावर ठेवा आणि वजन लिहून ठेवा. आज १२५० ग्रॅम आणि उद्या ११९० भरलं, तर ६० मिलिलिटर पाणी गेलं. बाटलीत उपयोगी पाणी ५०० मिलिलिटर असेल तर ते आठ दिवस पुरेल. गावी जाताना साठा किती दिवस टिकेल याचं उत्तर अंदाजाने नको, असं हातात असू द्या.

सोबत रोप नसलेली पण बाकी सगळं तसंच असलेली एक बाटली ठेवा. तिच्यातून जे पाणी कमी होतं ते नुसतं बाष्पीभवन. दोघांतला फरक म्हणजे रोपाने ओढलेलं पाणी. मिश्रणावर वाळलेल्या पानांचा थर पसरला की बाष्पीभवन किती घटतं, तेही याच पद्धतीने मोजता येतं.

दुपारी पानं माना टाकतायत, खाली पाणी भरपूर आहे आणि संध्याकाळी पानं पुन्हा ताठ होतात, असं दिसलं तर वात अपुरी आहे. दुसरी वात जोडा किंवा पाण्याची पातळी वर घ्या.

आता मासे: टब आधी एकटा चालवा

मासे आणि पीक एकत्र घेणं नवं नाही. अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात आपातानी लोक भातखाचरांत मासे वाढवतात. टाक्यांमधल्या आजच्या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली ती व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी, तिलापिया आणि पालेभाज्या-तुळशीवरच्या दीर्घ प्रयोगांतून. गॅलरीत आपण करतो ते त्याचं फारच छोटं रूप.

८० ते १०० लिटरचा गडद रंगाचा नवा टब घ्या. रसायनांचे वापरलेले ड्रम कितीही धुतले तरी नकोत. तांब्या-पितळेची कुठलीही वस्तू टबात नको, तांबं माशांना विषारी आहे. टब सावलीत ठेवा, वर जाळी घाला. कबुतरांची विष्ठा भाजीच्या पाण्यात जाणं चांगलं नाही, आणि पुण्यात कबुतरांना गॅलरी मोकळी सापडतच नाही असं होत नाही.

नळाचं पाणी भरून २४ तास उघडं ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जातं. मग मत्स्यालयाच्या दुकानातला स्पंज फिल्टर आणि त्याला हवा देणारा छोटा एअर पंप लावा. स्पंज हा या सगळ्या रचनेचा खरा जीव आहे. मासे अमोनिया सोडतात. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना मारक. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी आणि झाडांना हवंहवंसं. हे जिवाणू स्पंजच्या भोकाभोकांत वस्ती करतात, पण ती वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून मासे न सोडता सुरुवात करा. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टबात टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो. दुकानातून अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तिन्ही मोजणारं थेंबांचं किट आणा आणि दर दोन-तीन दिवसांनी तपासा. आधी अमोनिया चढेल. मग तो उतरायला लागेल आणि नायट्राइट चढेल. माझ्या किटमध्ये नायट्राइट नसताना नळीतलं पाणी फिकट आकाशी राहतं आणि असताना थेंब पडताच जांभळं होतं. कितीतरी दिवस ते जांभळंच राहतं, आणि नेमका याच टप्प्यावर धीर सुटतो. थांबा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की पाणी तयार झालं. ओळखीच्या कुणाकडे जुना, निरोगी टब असेल तर त्यांचा वापरलेला स्पंज आपल्या टबात पिळला की हा काळ बराच कमी होतो.

सामूकडेही, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणाऱ्या पीएचकडेही, लक्ष असू द्या. ६.८ ते ७.२ हा मासे, जिवाणू आणि झाडं तिघांना चालणारा टप्पा. २५ अंशाच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपात अर्धा-पाऊण टक्काच असतो. सामू ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दसपट. बोअरच्या जड पाण्यात मासे का मरतात याचं हे एक मोठं कारण. उलट, सौम्य पाण्यात जिवाणूंच्या कामामुळे सामू हळूहळू घसरतो. तिथे कोंबडीखाद्याच्या दुकानातला शिंपल्यांचा चुरा मूठभर कापडात बांधून टबात सोडला की तो सावरतो.

कोणते मासे, किती, आणि खाद्य

खाण्यासाठी मासे वाढवायचा विचार गॅलरीत करू नका. रोहू-कटल्याला तळं लागतं, तिलापियाच्या पालनाला परवानगी लागते आणि आफ्रिकन मांगुरावर तर देशात बंदीच आहे. ८०-१०० लिटरला पाच-सहा छोटे गोल्डफिश पुरेत. गप्पी आणखी सोपे. डासांच्या अळ्या खातात म्हणून बऱ्याच ठिकाणी आरोग्य विभागाकडूनही मिळतात.

आता हिशेब. पालेभाजीच्या एक चौरस मीटर जागेमागे माशांना रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य जायला हवं, असं संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. तुमचे सहा गोल्डफिश मिळून १५० ग्रॅम असतील आणि वजनाच्या दोन टक्के खात असतील, तर रोजचं खाद्य ३ ग्रॅम. त्यावर पोसली जाईल ती जागा फक्त ०.०६ ते ०.०७५ चौरस मीटर, म्हणजे एका मोठ्या कुंडीच्या तोंडाएवढी. गप्पींवर तर एखादी बाटलीही जेमतेम. म्हणूनच टबाच्या जोडीला गांडूळखत हवंच. नुसत्या माशांवर गॅलरीभर भाजी पिकेल, ही अपेक्षा ठेवू नका. जास्त भाजीसाठी जास्त खाद्य टाकणं तर अजिबात नको. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच टाका, उरलेलं कुजून पुन्हा अमोनियाच होतो.

वीज गेली तर? २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. उन्हाळ्यात आधीच कमी, त्यात पंप बंद. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर मगाने पाणी काढून हातभर उंचीवरून पुन्हा टबात ओतत राहा. बॅटरीवरचा छोटा एअर पंप घेऊन ठेवलेला बरा.

गाठ घालताना: वात पाणी गाळत नाही

टबावर फळी टाकून कुंड्या ठेवायच्या, वाती टबात सोडायच्या, झालं अ‍ॅक्वापोनिक्स (एकाच पाण्यावर मासे आणि भाजी), अशी चित्रं खूप दिसतात. त्यात एक मोठी गफलत आहे. वात पाणी वर नेते, परत आणत नाही. पाणी कुंडीतून फिरून शुद्ध होऊन टबात येतच नाही. त्यामुळे अशा कुंड्या फिल्टरचं काम करू शकत नाहीत, स्पंज आणि हवा लागतातच. शिवाय टबातल्या वातीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो आणि पाणी चढणं मंदावतं. दोन-तीन महिन्यांनी वात बदलावी लागते.

मला सगळ्यात खात्रीची वाटते ती साधी पद्धत. दर आठवड्याला टबाच्या तळाशी नळी धरून १० ते १५ टक्के पाणी उपसा आणि तेवढंच उघडं ठेवलेलं ताजं पाणी भरा. उपसलेलं पाणी बादलीत तास-दोन तास स्थिर होऊ द्या. वरचं नितळ पाणी फडक्यातून गाळून वातीच्या बाटल्यांत आणि वाफ्याच्या पाइपातून भरा. तळाचा गाळ वातीच्या साठ्यात घालू नका, तो तिथे हवेशिवाय कुजतो आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. हा गाळ एखाद्या साध्या कुंडीत मातीखाली दाबा. साठ्यातही चार-पाच दिवस पुरेल एवढंच माशांचं पाणी ठेवा. स्पंज याच उपसलेल्या पाण्यात पिळून स्वच्छ करायचा, नळाखाली कधीही नाही. क्लोरीनने आठवड्यांची मेहनत मिनिटात जाते.

माशांचं पाणी पानांवर शिंपडू नका, विशेषतः कच्च्या खायच्या पानांवर. आणि माशांना औषध किंवा मीठ दिलं असेल तर ते पाणी भाजीला घालू नका. उलट दिशेनेही काळजी घ्या. टबाजवळच्या रोपांवर कडुनिंबाचा अर्क किंवा साबणाचं पाणी फवारू नका, दोन्हींचे थेंब माशांना घातक ठरतात. मावा दिसला तर पान तोडा किंवा बोटाने पुसून काढा.

ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी खडीचा वाफा आहे. छोटा पंप टबातलं पाणी खडीच्या ट्रेमध्ये चढवतो आणि ते पुन्हा टबात उतरतं. इथे मात्र पाणी खरोखर फिरतं आणि खडी स्वतःच फिल्टर होते. टायमरवर पंप तासातून पंधरा मिनिटं चालवला तरी चालतो. खडी काळ्या दगडाची घ्या, धुऊन तिच्यावर लिंबू पिळा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती सामू वाढवेल, नको. कूलरचे स्वस्त पंप यासाठी वापरू नका. पाण्याजवळची वीज हा जिवाशी खेळ आहे. मत्स्यालयाचाच पंप घ्या, वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर जाईल अशी बांधा, आणि टबात हात घालण्याआधी प्लग काढा.

पानं काय सांगतात

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. माशांच्या खाद्यात झाडांपुरतं लोह नसतं, त्यामुळे हे जवळपास ठरलेलं आहे. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहून झाडाला घेता येणारं लोह, मिळतं. सामू ७ च्या आसपास असेल तर डीटीपीए प्रकारचं घ्या, ईडीटीए तिथे टिकत नाही. लेबलवरच्या प्रमाणापेक्षा कमीच घ्या, आणि ते वातीच्या साठ्यात घाला, टबात नको. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर बहुधा पालाश कमी.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी तुलना

माशांच्या पाण्याने खरंच फरक पडतो का, हे पाहायचं असेल तर तीन गट करा: वरून साधं पाणी, वातीने साधं पाणी, वातीने माशांचं पाणी. प्रत्येक गटात किमान पाच बाटल्या, एकाच दिवशी पेरलेली, एकाच उंचीची पालकाची रोपं. इथे मिश्रणात गांडूळखत घालू नका, नुसतं धुतलेलं कोकोपीट आणि पर्लाइट घ्या, नाहीतर माशांच्या पाण्याचा परिणाम खताच्या आड लपतो. गॅलरीच्या एका टोकाला ऊन जास्त असतं, म्हणून दर दोन दिवसांनी बाटल्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून बदला. कापणीच्या दिवशी ओलं वजन घ्या, मग पानं कागदी पिशवीत उन्हात वाळवून वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा तोला. वातीवरच्या पालकात पाणी जास्त असू शकतं, त्यामुळे नुसत्या ओल्या वजनावर निकाल लावू नका.

आवरताना

शिक्षण संपून खोली सोडायची वेळ आली की मासे नदीत किंवा तलावात सोडू नका. उजनीच्या पाण्यात चिलापी, म्हणजे तिलापिया, किती माजली ते भिगवणच्या बाजारात गेलेल्या कुणालाही माहीत आहे. गप्पी आणि गोल्डफिशही बाहेर गेले की स्थानिक माशांच्या वाट्याचं खातात. मत्स्यालयवाले बहुतेक वेळा परत घेतात, नाहीतर ज्युनिअरपैकी कुणाला तरी टबासकट द्या. खडी धुऊन उन्हात वाळवा आणि पोत्यात भरा. थर्माकोलचा खोका फुटला नसेल तर आणखी दोन हंगाम जातो. स्पंज मात्र वाळवू नका. टबातल्याच पाण्यात बुडवून, झाकण न लावता, त्याच दिवशी नव्या टबाकडे पोचवा.